कागदावरची संस्था आणि पारावरचे गट



गळीत हंगाम तोंडावर आला की गट कार्यालयाच्या ओट्यावर आणि गावोगावच्या पारावर एकच प्रश्न फिरू लागतो : "यंदा माझी तोड कधी?" कार्यालयात विचारले तर लागवडीच्या नोंदीप्रमाणे क्रम लावला आहे, असे उत्तर मिळते. पारावर विचारले तर कोणीतरी डोळा मिचकावून म्हणतो, "नोंद बिंद ठेव बाजूला भाऊ, चिटबॉय कोणाच्या बैठकीतला आहे ते बघ."

ही दोन्ही उत्तरे एकाच संस्थेबद्दलची आहेत. पहिले उत्तर कागदावरच्या संस्थेचे आहे आणि दुसरे त्याच संस्थेच्या पोटात वाढलेल्या, कोठेही नोंद नसलेल्या गटाचे. सहकाराच्या शिक्षणात आपण पहिल्या संस्थेबद्दल पुष्कळ बोलतो. पोटनियम, वार्षिक सभा, लेखापरीक्षण, निवडणूक हे शब्द आता सर्वांच्या ओळखीचे झाले आहेत. दुसऱ्या संस्थेबद्दल मात्र आपण फक्त कुजबुजतो. या लेखात दोहोंची ओळख करून द्यावी आणि विशेषतः दुसरीचे तोटे कोणाच्या वावरापर्यंत जाऊन पोचतात ते मांडावे, असा आमचा विचार आहे.

संघटना म्हणजे काय?

एकट्याने न होणारे काम चार जणांनी मिळून करायचे ठरवले, कोणी काय करायचे ते वाटून घेतले आणि कोणाचे कोणी ऐकायचे हे ठरले, की संघटना झाली. उद्देश, कामाची वाटणी आणि जबाबदारी या तीन गोष्टी तिच्यात असाव्या लागतात. यातली एक जरी ढिली पडली तरी संघटनेची जत्रा होते. माणसे पुष्कळ जमतात, काम मात्र कोणाच्याच अंगावर नसते.

मालकीवरून पडणारे प्रकार

एकट्याची मालकी हा सर्वांत जुना प्रकार. गावातले किराणा दुकान, पिठाची गिरणी, ट्रॅक्टरचा धंदा ही त्याची उदाहरणे. नफा एकाचा, तोटाही एकाचाच.

दोघे-चौघे मिळून धंदा करतात तेव्हा भागीदारी होते. तिच्यासाठी १९३२ चा भागीदारी कायदा आहे. भागीदारीत एकाने केलेल्या कर्जाची झळ दुसऱ्याला लागते, म्हणून तिथे विश्वास हेच मोठे भांडवल असते.

तिसरा प्रकार कंपनीचा. तिचा कायदा १९५६ साली झाला आणि त्याच्या जागी पुढे २०१३ चा कायदा आला. कंपनीत ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त. शंभर भाग असलेल्यासमोर एक भाग असलेल्याचा आवाज सभेत चालत नाही. आपल्या जिल्ह्यात वणी भागातल्या कोळशाच्या खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही देखील कंपनीच आहे, पण तिची मालकी सरकारची आहे. सरकारचा दुसरा मार्ग महामंडळाचा. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली खास कायद्याने स्थापन झाले. आपली एस.टी. सुद्धा महामंडळाचीच.

चौथा आणि आपल्या घरचा प्रकार सहकारी संस्थेचा. इंग्लंडमधील रॉचडेल या गावी १८४४ साली काही विणकरांनी व इतर कामकऱ्यांनी पैसा पैसा जमवून किराणा मालाचे दुकान काढले, तेव्हापासून आजच्या सहकाराची परंपरा मोजतात. आपल्या देशात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला, आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र सहकारी संस्था कायदा १९६० चा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी त्यांना साथ दिली आणि १९५० च्या सुमारास कारखान्याचे चाक फिरले. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया तिथे घातला गेला. ती लाट पुढे विदर्भात आली आणि आपल्या जिल्ह्यात पोफाळी व गुंज येथे कारखाने उभे राहिले. पूस आणि पैनगंगेच्या पाण्याने कापूस-ज्वारीच्या मुलखात ऊस दिसू लागला.

सहकारात माणसाला मत असते, भागाला नसते. दहा एकरांचा सभासद असो की अर्ध्या एकराचा, मत एकच. नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि भागावरच्या लाभांशालाही कायद्याने मर्यादा आहे. म्हणजे इथे कमाई व्हायची ती भागावर नव्हे, घातलेल्या उसावर.

अलीकडे पाचवा प्रकार आला आहे, तो शेतकरी उत्पादक कंपनीचा. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन त्याला वाट मिळाली. नोंदणी कंपनीची, पण सभासद फक्त उत्पादक, असा तो मधला मार्ग आहे.

कारभारावरून पडणारे प्रकार

मालकी कोणाची हे ठरले तरी रोजचे काम कसे चालवायचे हा प्रश्न राहतोच. त्याचे तीन ढोबळ मार्ग आहेत.

पहिला, वरून खाली सरळ ओळीचा. सभासदांची सभा, तिने निवडलेले संचालक मंडळ, मंडळाच्या हाताखाली कार्यकारी संचालक, त्यांच्या हाताखाली मुख्य अभियंता, चीफ केमिस्ट, मुख्य शेतकी अधिकारी, मुख्य लेखापाल असे खातेप्रमुख, आणि शेवटी गव्हाणीवर उभा असलेला कामगार. हुकूम वरून येतो, हिशेब खालून वर जातो. कोणाचा साहेब कोण हे त्यात स्पष्ट असते.

दुसरा मार्ग सल्लागारांचा. माती तपासणारे, कामगार कल्याण पाहणारे, कायदा सांगणारे लोक सल्ला देतात. हुकूम देत नाहीत. मुख्य ओळीला ते टेकू असतात.

तिसरा मार्ग समितीचा. खरेदी समिती किंवा ऊस विकास समिती बसून विचार करते. एकाच्या डोक्याने जाण्याचा धोका टळतो, पण वेळ लागतो आणि चूक झाली तर 'समितीने ठरवले' म्हणून सगळे मोकळे होतात.

चालू कारखान्यात हे तिन्ही मार्ग एकत्र नांदतात. त्यांची नोंद असते, प्रत्येकाच्या सहीला अर्थ असतो आणि चुकले तर दाद मागता येते. याला औपचारिक संघटना म्हणतात.

नोंद नसलेली संघटना

चेस्टर बर्नार्ड नावाचे गृहस्थ अमेरिकेत टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष होते. १९३८ साली त्यांनी लिहिलेल्या ग्रंथात एक गोष्ट ठासून मांडली आहे. जिथे जिथे औपचारिक संघटना असते, तिथे तिथे अनौपचारिक संघटना आपोआप उगवते, आणि पहिलीचे चालणे बरेचसे दुसरीवर अवलंबून असते. हे सांगायला खरे तर अमेरिकेत जायला नको. एका पाळीत काम करणारे, एका गावाहून सायकलीने येणारे, एका भिशीत पैसे टाकणारे, एका टपरीवर चहा घेणारे, सोयरे-धायरे, जातभाई, एका पुढाऱ्याचे माणसे असे गट कोणी न सांगता जमतात. त्यांना अध्यक्ष नसतो, पण ज्याचा शब्द चालतो असा एक जण असतोच. त्यांचे नियम लिहिलेले नसतात, पण मोडणाऱ्याला शिक्षा मात्र होते. त्याच्याशी बोलणे बंद होते.

हे गट मुळातच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. रात्रपाळीला कोणाच्या छातीत दुखू लागले तर अर्जाची वाट न पाहता त्याला दवाखान्यात नेणारे हेच लोक असतात. नव्या पोराला काम शिकवतात ते हेच. गावात ज्याला इर्जिक किंवा सावड म्हणतात त्याचा पाया तरी दुसरा काय आहे? तांड्यात नायकाचा शब्द कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता, तरी पिढ्यान् पिढ्या तंटे त्याच्यासमोर मिटत आले. आपुलकी ही माणसाची भूक आहे आणि हजेरीपत्रक ती भागवू शकत नाही. पण आपुलकीने जमलेला गट संस्थेच्या कामात हात घालू लागला की काय होते, ते आता बघू.

शिकागोजवळची चौदा माणसे

अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे टेलिफोनचे साहित्य बनवणारा मोठा कारखाना होता. १९२४ ते १९३२ या काळात तिथे कामगारांच्या वागणुकीचे पुष्कळ प्रयोग झाले, आणि हार्वर्डचे एल्टन मेयो यांचे नाव त्यांच्याशी जोडले गेले. त्यातला शेवटचा प्रयोग १९३१-३२ सालचा. तारा जोडणाऱ्या खात्यातली १४ माणसे एका वेगळ्या खोलीत बसवली आणि एक निरीक्षक पाहत राहिला.

मजुरी उत्पादनावर होती. जितके काम जास्त तितका पैसा जास्त. तेव्हा जो तो जोर लावील, असे कोणालाही वाटावे. झाले उलटेच. दिवसाचे काम म्हणजे एवढेच, असे गटाने मनाशी ठरवून टाकले होते. त्याहून जास्त करणाऱ्याला टोमणे बसत, दंडावर ठोसाही बसे. फारच कमी करणाऱ्यालाही बोल बसत. आणि साहेबाच्या कानावर काही घालील तो सर्वांचा वैरी. सकाळी भरपूर काम करून दुपारी हात सैल सोडायचा आणि रोजचा आकडा सारखा दाखवायचा, अशी रीतच पडली होती.

हे लोक आळशी होते का? तसे नव्हते. मंदीचे दिवस होते. काम वाढवले तर दर कापतील, नाहीतर चार जणांना घरी बसवतील, ही भीती होती. भीती खरी की खोटी हे त्यांना कोणी समोर बसून सांगितले नाही, म्हणून गटाने आपला कायदा केला. अनौपचारिक गटाचा पहिला तोटा इथे स्पष्ट दिसतो, आणि त्याचे मूळही दिसते. जिथे संस्था बोलत नाही, तिथे गट बोलतो.

मुंबईच्या गिरणीतला जॉबर

आता घरचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या कापड गिरण्यांत कागदोपत्री मालक होते, मॅनेजर होते. पण कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाला काम देणारा खरा धनी म्हणजे जॉबर. तो आपल्या गावच्या, आपल्या नात्यातल्या माणसांना लावून घेई. रजा त्याच्या मर्जीने, बदली त्याच्या मर्जीने, आणि त्या मर्जीची किंमत कामगार पगारातून मोजत. गिरणीच्या नियमांत या चिरीमिरीला कुठेच जागा नव्हती, तरी प्रत्येकाला तिचा दर ठाऊक होता. १९३१ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या कामगार आयोगाने या पद्धतीवर कडक टीका केली आणि माणसे भरण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा असे सुचवले. पुढे १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्ड देऊन क्रमाने काम देण्याची पद्धत आणली. जॉबरची मर्जी जाऊन तिथे नोंद यावी, हा तिचा हेतू होता.

याच गिरण्यांतले दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. धोट्यातला धागा तुटला की त्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्य मानलेल्या माणसाचे तोंड लागलेला धोटा आपण कसा वापरायचा, या विटाळाच्या कल्पनेने बाकीच्या कामगारांनी त्या खात्याची दारे दलित कामगारांना बंद करून ठेवली होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जोराने पुढे मांडला. ही बंदी मालकांनी घातलेली नव्हती. ती सोबत घाम गाळणाऱ्यांच्या गटाने घातली होती. संपात सर्वांनी उपाशी राहायचे, पण चांगल्या मजुरीच्या खात्यात काहींनीच जायचे, असा तो न्याय होता. गट जेवढा घट्ट, तेवढी त्याची भिंत बाहेरच्याला उंच, हे यातून ध्यानात घ्यावे.

आपल्या घरी काय घडते?

ही उदाहरणे दूरची वाटली तरी त्यांचे धागे आपल्या उसाच्या फडात आणि गव्हाणीत सापडतील. एकेक तोटा नीट पाहू.

१) क्रम मोडतो. लागवडीची नोंद, जात, आडसाली-पूर्वहंगामी-सुरू-खोडवा, पक्वता यांवरून तोडणीचा क्रम ठरतो. पण चिटबॉय, मुकादम आणि गाडीवान यांची गट्टी जमली की चिठ्ठी क्रमाने निघत नाही, ओळखीने निघते. 'खुशाली' या गोड नावाखाली पैसे मागितले जातात. देतो त्याच्या वावरात टोळी आधी उतरते. ज्याचा ऊस आडमार्गाला आहे, ज्याच्या घरात कोणी नोकरीत नाही, ज्या बाईने धन्यामागे एकटीने शेती सांभाळली आहे, तिचा ऊस फाल्गुन उलटेपर्यंत उभा राहतो.

हिशेब करून पाहा. दोन एकर ऊस, एकरी ३५ टन धरला तर ७० टन. उन्हात उभा राहून दहा टक्के वजन घटले तर सात टन गेले. टनाला ३,००० रुपये धरले तरी २१,००० रुपये बसल्या जागी गेले. शिवाय खोडव्याला उशीर, पाण्याची मारामार आणि सोसायटीच्या कर्जावर व्याज. हे पैसे ना कारखान्याला मिळाले ना पुढे गेलेल्या शेजाऱ्याला. ते उन्हाने खाल्ले.

२) उतारा घटतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे जाणकार सांगतात, कारण तोडल्यापासून त्यातली साखर कमी होऊ लागते. वजनकाट्यावर ओळखीच्या गाड्या पुढे घेतल्या की मागच्या गाड्यांतला ऊस शिळा होतो. कोवळा ऊस वशिल्याने आला तर तोही उतारा खाली ओढतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्याच्यावर दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे वाढ. उतारा खाली आला तर साडेनऊ टक्क्यांपर्यंत तेवढीच घट. समजा एखाद्या कारखान्याने तीन लाख टन गाळप केले आणि उतारा ०.१ टक्क्याने बदलला, तर सभासदांच्या हातात १ कोटी ३ लाख ८० हजार रुपयांचा फरक पडतो. चार जणांच्या दोस्तीची ही किंमत सगळ्यांच्या ऊसबिलातून वळती होते.

३) काम रोखले जाते. एका पाळीने जास्त गाळप दाखवले की दुसरी म्हणते, "आम्हाला उघडे पाडता का?" मग दोन्ही पाळ्या एकाच आकड्यावर येऊन थांबतात. नव्याने लागलेला होतकरू पोरगा महिन्याभरात हात आखडायला शिकतो.

४) दोष झाकले जातात. बेअरिंग तापले आहे, पट्टा घसरतो आहे, हे नोंदवहीत लिहिले तर दोस्ताला मेमो मिळेल म्हणून लिहिले जात नाही. पुढच्या पाळीला ते ठाऊक नसते. मग ऐन हंगामात बंद पडते, किंवा त्याहून वाईट, कोणाचा हात सापडतो. दोस्ताला मेमोपासून वाचवताना दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

५) अफवा धावते. कारखान्याचे परिपत्रक गावी पोचायला आठ दिवस लागतात. "यंदा कारखाना लवकर बंद होणार" ही बातमी मात्र सांजेपर्यंत सगळ्या तालुक्यात पोचते, आता तर मोबाईलवर क्षणात. घाबरलेला कास्तकार ऊस गुऱ्हाळाला किंवा दुसरीकडे घालतो, कारखान्याला ऊस कमी पडतो आणि तो खरोखरच लवकर बंद होतो. अफवा अशी स्वतःलाच खरी करून घेते. आपल्या जिल्ह्यातील सभासदांनी धुराडे थंड पडलेले हंगाम पाहिले आहेत, त्यांना याची धग वेगळी सांगायला नको.

६) बदल अडतो. इलेक्ट्रॉनिक काटा आला, लागवडीची नोंद मोबाईलवर आली, तोडणी यंत्र आले. प्रत्येक वेळी पहिला विरोध होतो तो ज्यांच्या हातची मर्जी जाणार त्यांच्याकडून. विरोधात कधी खरे कारण असते. यंत्राला लहान तुकड्यात वळता येत नाही, तोडणी मजुराच्या पोटाचा प्रश्न असतो. ती कारणे उघड मांडली तर उपाय निघतात. पण गट उघड बोलत नाही, नुसता अडून बसतो.

७) निष्ठा दोन ठिकाणी विभागते. कामगार आपला, त्याचा सासरा सभासद, मेव्हणा वाहतूक ठेकेदार. सहकारी कारखान्यात हे होणारच, कारण माणसे एकाच मुलखातली. नियम पाळला तर सोयरे रुसतात, सोयरे पाळले तर नियम मोडतो. बिचारा माणूस शेवटी ज्याच्या ताटात जेवतो त्याचे ऐकतो. 'आपला तो बाब्या' हा न्याय घरी शोभतो, वजनकाट्यावर शोभत नाही.

गट मोडून टाकावेत का?

तसा प्रयत्न करणे म्हणजे वाऱ्याला पोत्यात भरणे. एकाला इकडे, दुसऱ्याला तिकडे बदलले तर गट दुसऱ्या टपरीवर जमेल. त्याऐवजी गटाला कामाच्या बाजूने वळवता येते. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत १९५३ साली ए. के. राइस या इंग्रज अभ्यासकाच्या सल्ल्याने एक प्रयोग झाला. यंत्रमागाच्या खात्यात प्रत्येकाकडे तुटक काम होते आणि कोणाची जबाबदारी कशावर हे कळत नव्हते. तेव्हा छोटे गट करून प्रत्येक गटाकडे ठराविक मागांची पूर्ण जबाबदारी दिली. गट कामगारांनीच जुळवले. उत्पादन वाढले, कापडातले दोषही कमी झाले. हॉथॉर्नचा गट भीतीने जमला होता, अहमदाबादचा गट जबाबदारी मिळाल्याने जमला. दोन्हीकडे माणसे साधीच होती.

यावरून कारखान्याने करावयाच्या काही गोष्टी निघतात. तोडणीचा क्रम गट कार्यालयाच्या भिंतीवर, गाववार, नावानिशी लावावा आणि त्यात बदल झाला तर त्याचे कारण शेजारी लिहावे. आजार, जळीत, पाण्याची टंचाई अशी खरी कारणे असतात, ती सर्वांना दिसली की शंका उरत नाही. चिटबॉय आणि काट्यावरची माणसे ठराविक काळाने बदलावीत, म्हणजे मर्जीला मूळ धरायला वेळ मिळत नाही. पाळी बदलताना दोन्ही पाळीप्रमुखांनी नोंदवहीवर एकत्र सही करावी, आणि दोष स्वतः होऊन लिहिणाऱ्याला शिक्षा नव्हे, शाबासकी मिळावी. ज्याचा शब्द गटात चालतो अशा माणसाला शत्रू न मानता सुरक्षा समितीत, कँटीन समितीत बसवावे. बातमी अफवेच्या आधी पोचवावी. दर आठवड्याचे गाळप, उतारा आणि शिल्लक ऊस गावच्या फलकावर लागला तर पारावरच्या अर्ध्या गप्पा आपोआप खऱ्या होतील.

आणि आपण सभासद?

इथपर्यंत वाचताना पुष्कळांची मान डोलली असेल. चिटबॉय असाच, मुकादम तसाच. पण खुशाली घेणारा एक असतो तेव्हा देणाराही एक असतो, आणि तो आपल्यातलाच. क्रम मोडून ऊस आधी गेला म्हणून जो आनंद आपल्या घरी होतो, तो शेजारच्या धुऱ्यापलीकडे कोणाचा तरी तोटा असतो. पुढच्या वर्षी त्याची ओळख वाढली तर आपण मागे पडू. या खेळात कोणीच कायमचा पुढे राहत नाही.

सभासदांचेही गट असतात. निवडणुकीच्या वेळी पॅनेल पडतात, ते लोकशाहीला धरून आहे. निवडणूक झाल्यावरही तोडणीची चिठ्ठी, सभासदत्वाचा अर्ज आणि खताचे पोते पॅनेल पाहून मिळू लागले, तर एक माणूस एक मत हे तत्त्व मतपेटीतच राहून जाते. कंपनीत मोठ्या भागवाल्याचे चालते म्हणून आपण सहकार पत्करला. मोठ्या ओळखीवाल्याचेच चालायचे असेल तर आपण फक्त मालकाचे नाव बदलले.

म्हणून आमची विनंती साधी आहे. लागवडीची नोंद वेळेवर करून तिची पोच जपून ठेवा. आपला क्रमांक विचारा आणि शेजाऱ्याचाही विचारा. पैसे मागितले तर देऊ नका. तारीख, गाडी क्रमांक आणि टोळी लिहून गट कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिच्या प्रतीवर शिक्का घ्या. एकट्याची तक्रार दबते म्हणून धाक वाटत असेल तर गावातल्या दहा जणांनी मिळून द्या. असे दहा जण जमले की तोही एक गटच झाला, पण त्याचे बोलणे उघड आणि सही असलेले असते. वार्षिक सभेला चहा-नाश्त्यापुरते न येता अहवाल वाचून या, आणि जो प्रश्न पारावर विचारता तोच सभेत उभे राहून विचारा. सभेत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहिला जातो आणि त्याला उत्तर द्यावे लागते.

येत्या हंगामात प्रत्येक गावाने एवढे एक पाहावे : आपल्या गावात सर्वांत शेवटी कोणाचा ऊस उभा राहिला, आणि का? कारण नोंदीत सापडले तर संस्था नीट चालली आहे. कारण फक्त पारावर सापडले, तर ते सभेत आणा.

जय सहकार!